बागेचे प्रश्न : उपटला की वाढणारा लव्हाळा

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मेक्सिकन लॉन लावलं. वळीव झाल्यापासून त्यात चकचकीत, उंच गवत उठलंय. माळी उपटून जातो. आठवड्यात पुन्हा वर, तेही जास्तच. तणनाशक मारावं का? (एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : आधी काडी बुडाशी धरून बोटांत फिरवा. तिधारी लागली, पानं तीन बाजूंना फुटलेली असली, तर तो लव्हाळा, म्हणजे नागरमोथा. कन्नड माळी याला जेकू म्हणतात. हरळीला पेरं असतात, याला नसतात.

आता खुरप्याने वीतभर खोल ढेकूळ काढून बादलीत धुवा. दोऱ्यासारख्या मुळावर काळपट गाठींची माळ दिसेल. खरं तण तेच. एक गाठ वाढती असेतो बाकीच्या झोपून राहतात. पाला ओढला की माळ तुटते आणि झोपलेल्या गाठी आपापला कोंब काढतात. माळ्याचा यात दोष नाही.

तण थोडं असेल तर गाठींसकट खणूनच काढा. कोंब फुटल्यावर साधारण तीन आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी, न चुकता. काढलेल्या गाठी खतखड्ड्यात कधीही टाकू नका. उन्हात कडकडीत वाळवा.

लॉनभर पसरला असेल तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के हे तणनाशक मारा. उसाच्या लव्हाळ्यासाठी हे मिळतं, पाकिटावरही ऊसच असतो. म्हणून आधी दोन फूट चौकोनावर मारून तीन आठवडे पाहा. ५०० चौरस फुटांना ०.४ ग्रॅम पुरतं. एवढं घरी मोजता येत नाही, तेव्हा ४ ग्रॅम एक लिटर पाण्यात घोळा आणि ढवळत ढवळत त्यातलं १०० मिली घेऊन दोन लिटर करा. चिकटद्रव्य घालाच, नाहीतर गुळगुळीत पानावरून थेंब घरंगळतो. लव्हाळा तीन ते पाच पानांचा असताना, उघडीप बघून फवारा. जुलैच्या झडीत औषध वाया जातं. आधी-नंतर दोन दिवस कापणी नको. हातमोजे, मास्क घाला, फुलझाडांवर तुषार जाऊ देऊ नका. पान पिवळं पडायला दोन आठवडे लागतात, घाईने दुसरा हात मारू नका. तो सहा-आठ आठवड्यांनी.

दुसरी तणनाशकं नकोत. ग्लायफोसेटने लॉनच मरेल. टू-फोर-डीने पाला जळतो, गाठी शाबूत राहतात.

प्रश्न : लॉनसाठी शेतातली तांबडी माती आणतोय. काय पाहावं? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : गाडी उतरवण्याआधी चार ठिकाणची माती बादलीत भरा, पंधरा दिवस ओली ठेवा. तिधारी कोंब दिसला तर ती माती घेऊ नका.