आकाशाच्या फोटोतले दाणे

भावा, रात्रीच्या आकाशाच्या फोटोत दाणे, म्हणजे खरखरीत ठिपके, येतात म्हणून तू आयएसओ (कॅमेऱ्याचं फोटो उजळ करायचं सेटिंग) वाढवायला घाबरतोस ना? पण दाणे निव्वळ आयएसओमुळे येत नाहीत, मुळात उजेड कमी पडतो म्हणून येतात. त्यामुळं आयएसओला घाबरू नकोस. अमावस्येच्या आसपास पन्हाळ्यापुढं मसाई पठारावर जा. लेन्स १८ मिमीला, तिचं छिद्र पूर्ण उघडं, शटर १५ सेकंद, आयएसओ ३२००, आणि फाइल रॉच, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली कच्ची.

एकच फोटो काढून परतायचं नाही! असे १६ काढ. मग कॉम्प्युटरवर तारे एकावर एक जुळवून या फोटोंची सरासरी घेतलीस की दाणे चौथ्या हिश्श्यावर येतात. मग लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर, तिथल्याच गारव्यात आणखी दहा घे; त्यात सेन्सरचे स्वतःचे दाणे तेवढे दिसतात, ते मूळ फोटोंतून वजा करायचे. घरी काढलेले चालत नाहीत, सेन्सरच्या तापमानानुसार हे दाणे बदलतात.

थंडीत लेन्सवर दव धरतं, माझी अख्खी रात्र त्यात गेलीय. दर दहा मिनिटांनी काचेवर बॅटरी मारून बघ.