शहरात घराच्या परसात कोंबड्या-शेळ्या पाळायची परवानगी असावी का?

असावी. फक्त ती घरमालकाच्या किंवा हौशी माणसाच्या नावाने नको. रोज सकाळी खुराड्यातली घाण जो खरवडणार आहे, त्याच्या नावाने द्यावी. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "घरामागे जागा नुसती पडून आहे आणि चार कोंबड्यांना असं काय मोठं लागतं? दाणे टाकले की झालं." नेमकं हेच वाक्य मी घरात ऐकलेलं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

वाक्य माझ्या दिरांचं. ते वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली, आणि परस आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी. एका रविवारी ते पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिल्लं घेऊन आले. विकणाऱ्याने म्हणे खात्री दिली होती, सगळ्या माद्याच आहेत. मी म्हटलं, भाऊजी, अंडी सरसकट उबवली की निम्मे नर निघतात, आणि एवढ्याशा पिल्लात नर-मादी ओळखायला सरावलेला हात लागतो. यावर "वहिनी, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

बरं. पुढे तुरे लाल झाले, मानेवरची पिसं टोकदार झाली, आणि एका पहाटे, बाहेर मिट्ट काळोख असताना, पहिली बांग आली. बांग कसली, घसा बसल्यासारखा आवाज होता, पण आठवड्याभरात तोही सुधारला. शेजारचे काका रात्रपाळी करून येतात. ते आले ते माझ्या दाराशी. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या बंद होत्या.

दिरांचा उपाय असा: खुराड्यावर जाड ताडपत्री घालायची, आत उजेड नाही तर आरवणार कसा? आरवतो. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलंय की कोंबडा उजेडाची वाट बघत नाही, त्याच्या अंगातच घड्याळ असतं. दिवसरात्र सारख्याच मंद उजेडात ठेवले तरी ते कोंबडे आपल्या वेळेला आरवत राहिले. २०१५ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट छापली: आधी कळपातला सगळ्यात वरचढ कोंबडा आरवतो आणि बाकीचे आपापल्या मानाप्रमाणे त्याच्यामागून. हे तर आम्ही घरबसल्या पाहिलं. थोरला कोंबडा कुणाला तरी देऊन दीर सुटकेचा श्वास टाकतात न टाकतात, तोवर दुसऱ्या पहाटे धाकट्याने कारभार हाती घेतला.

म्हणून कोंबड्या चालतील, कोंबडा नाही. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, पिल्लं हवी असतील तरच लागतो. परवानगी देणाऱ्या अनेक शहरांत "मोजक्या कोंबड्या, कोंबडा नको" असाच नियम आहे आणि तो मला शंभर टक्के पटतो. पिल्लांऐवजी अंड्यावर यायला आलेल्या तलंगा घ्या, हा घोळच होणार नाही.

आता वास. लोक म्हणतात कोंबड्यांचा वास येतो. वास ओलाव्याचा असतो. भुसा कोरडा राहिला तर खुराड्याशेजारी बसून चहा पिता येतो. ओला झाला की विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि डोळे चुरचुरायला लागतात. पाणी सांडतं भांड्यापाशी आणि विष्ठेचा मोठा वाटा पडतो रात्री बसायच्या दांडीखाली. एवढ्या दोन जागा रोज पाहिल्या, भुसा वरखाली केला, भिजलेला काढून टाकला, की निम्मी तक्रार मिटते. अवघड काहीच नाही, पण रोज करावं लागतं, आणि हा "रोज" कुणाच्या वाट्याला येतो ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. दिरांचा या कामातला वाटा एवढाच की पाहुण्यांसमोर "घरचं सेंद्रिय खत" म्हणत ताजी विष्ठा त्यांनी माझ्या मिरचीच्या रोपांना घातली. रोपं करपली. कोंबडीचं खत कडक असतं, वाळक्या पाल्यात मिसळून काही महिने कुजवल्याशिवाय झाडाला लावायचं नाही.

उंदीरही कोंबड्यांसाठी येत नाहीत, रात्री उघड्या राहिलेल्या खाद्यासाठी येतात. संध्याकाळी भांडं उचला, पोतं सोडून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात खाद्य ठेवा, आणि ती षटकोनी भोकांची पातळ जाळी लावू नका. ती कोंबडीला आत ठेवते, घुशीला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी घ्या.

आणि ते "दाणे टाकले की झालं". अंड्यावरची कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते, आणि एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. दिरांच्या हिशोबाने नुसते दाणे चालू होते, तेव्हा एका सकाळी मी खुराड्यात हात घातला तर हाताला कवच नसलेलं अंडं लागलं. लिबलिबीत, कोमट, बोट दाबलं की आत जाणारं. तिथून पुढे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य आणि वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा सुरू झाला, तो कुणी सुरू केला ते सांगत नाही. दिवस लहान झाले तेव्हा अंडी कमी झाली, कोंबड्यांनी पिसं गाळली, तर दीर म्हणाले, "या बिघडल्या, बदलून आणू." कोंबडीला अंड्यासाठी चौदा-एक तास उजेड लागतो, हिवाळ्यात ती विश्रांती घेते, एवढंच. खुडूक बसलेल्या, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडलेल्या कोंबडीखाली हात घातला की ती कशी टोचते हेही त्यांना विचारू नका, त्यांना माहीत नाही.

परवानगी मागणाऱ्याला मी तरी एकच प्रश्न विचारीन: अंडी थांबल्यावर काय? पहिली दोन वर्षं जोरात जातात, मग उतार लागतो, आणि कोंबडी नीट सांभाळली तर सहा-आठ वर्षं जगते. कापणार असाल तर कोण कापणार ते आज ठरवा. सांभाळणार असाल तर अंडी न देणाऱ्या कोंबडीलाही तेवढंच खाद्य आणि तेवढीच सफाई लागते. "लळा लागलाय, कापू नका" असं वरच्या मजल्यावरून सांगणं फार सोपं असतं.

रोगाचं लिहायला हवं, नाहीतर उत्तर एकांगी होईल. बर्ड फ्लू मोठ्या फार्मवरच येतो हा समज खोटा आहे. रानपक्ष्यांच्या विष्ठेतून तो परसातही येतो, त्यामुळे वरून छप्पर हवं आणि पाणी उघड्यावर नको. १९९७ मध्ये हाँगकाँगात एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने १८ माणसं आजारी पडली, त्यातली ६ दगावली, आणि शहरातल्या सगळ्या कोंबड्या माराव्या लागल्या. म्हणून एकदम तीन-चार पक्षी मेले तर गुपचूप पुरायचे नाहीत, हात न लावता पशुवैद्यकीय खात्याला कळवायचं. नोंदणीची सक्ती असावी असं मला वाटतं ते याचसाठी. कुणाकडे किती पक्षी आहेत हेच ठाऊक नसेल तर साथ आवरणार कशी? आणि धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. लहान मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नका, हात साबणाने धुवा. शेजारी कुणाला दमा असेल तर खुराडं त्यांच्या खिडकीखाली नको, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

जागेचं म्हणाल तर, खुराड्यात एका कोंबडीला चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला दहाएक, असा साधा हिशोब धरतात. तेवढी तुमच्याकडे असेलच.

शेळ्यांचं राहिलंच. शहरात मी नाही म्हणेन. एकटी शेळी दिवसभर ओरडते, म्हणजे दोन हव्यात. दूध हवं तर ती व्यायला हवी, पाच महिन्यांचा गाभण काळ, मग करडं, त्यातली निम्मी पुन्हा बोकड, आणि वयात आलेल्या बोकडाच्या वासापुढे कोंबड्यांचा वास म्हणजे अत्तर. गाय तर सोडूनच द्या, शेणच दिवसाला वीसेक किलो पडतं. हे सगळं मी दिरांनाही सांगून झालंय, कारण त्यांच्या डोक्यात आता शेळीने घर केलंय. नावही ठरलंय तिचं. चारा कोण आणणार ते मात्र अजून ठरायचंय.