पैलवानाची जोड आणि पॉलिसीचा हप्ता

प्रश्न : धाकटा भाऊ 22 वर्षांचा आहे, वजन 86 किलो, कोल्हापूरला तालमीत असतो. गेल्या हंगामात जत्रांतून चार लाख इनाम झाले. यंदा पाडव्यापासून पुढे तीसेक कुस्त्यांची बोलणी झाली आहेत. त्यातली एक, एक नंबरची (जत्रेतली सर्वात मोठी), हरियाणाच्या 115 किलोच्या पैलवानाशी. इनाम दीड लाख. वस्ताद म्हणतात, जत्रा कमी कर, मॅटवर राहून राज्याचे पदक काढ. आम्हाला वाटते, महाराष्ट्र केसरी झाला की डीवायएसपी होईलच, तोवर पैसा कमवावा. पैसा बघावा की नाव? (गेल्या वर्षी बँकेतल्या साहेबांनी त्याच्या नावे गॅरंटीड प्लॅन काढून दिला. वर्षाला दीड लाख, दहा वर्षे; पंधरा वर्षे पुरी झाली की 24 लाख. दुसऱ्या हप्त्यासाठी पुढच्या महिन्यात बायकोचे दागिने तारण ठेवतोय, 12 टक्क्यांनी.)
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमचे खरे दुखणे कंसात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

खुराक, खोली, मालिश मिळून महिना 25 हजार तुम्ही कळवलेत नाहीत, पण 86 किलोच्या पैलवानाला दूध, तूप, बदाम, मटण धरून त्याखाली भागत नाही. म्हणजे वर्षाला तीन लाख. इनामाच्या चार लाखांतून गाडीभाडे आणि हंगामातला वरखर्च 60 हजार गेला की उरतात तीन लाख चाळीस. यातून खर्च भागतो आणि थोडे शिल्लकही पडतात. मग त्यातून दीड लाखाचा हप्ता गेला की एक लाख दहा हजारांचा खड्डा पडतो. 115 किलोची जोड तुम्हाला का खुणावते आहे, ते या आकड्यात दिसते. भावाने कुणाशी लढायचे हे आज पॉलिसीच्या हप्त्याची तारीख ठरवते आहे.

आता त्या ‘गॅरंटी’चा हिशेब. 15 लाख भरून पंधरा वर्षांनी 24 लाख, म्हणजे परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. हेच हप्ते पीपीएफ या सरकारी बचत योजनेत आजच्या 7.1 टक्क्यांनी 31 लाखांवर जातात. साडेचार टक्क्यांसाठी 12 टक्क्यांनी सोने गहाण ठेवायचे, हा व्यवहार कुठल्याही बाजूने बसत नाही. ज्याची कमाई चार महिन्यांच्या हंगामावर आणि दोन गुडघ्यांवर उभी आहे, त्याच्या गळ्यात दहा वर्षांचा ठरलेला हप्ता बांधणाऱ्या माणसाने एकच गोष्ट पाहिली : खात्यात चार लाख पडून आहेत.

‘पहिला दीड लाख बुडेल’ ही भीती सोडा. तो पूर्ण बुडाला असे धरले तरी उरलेले नऊ हप्ते पीपीएफच्या दराने 27 लाखांच्या आसपास जातात. पॉलिसी 24 वरच थांबते. दागिने घरीच राहू द्या, दुसरा हप्ता भरू नका. पॉलिसी ऑक्टोबर 2024 नंतरची असेल तर पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर काही सरेंडर रक्कम (पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिणारे पैसे) मिळायला हवी. ती शाखेतल्या साहेबांना विचारू नका, विमा कंपनीकडून लेखी मागवा.

मात्र सुटलेले पैसे लगेच पीपीएफमध्येही घालू नका. आधी सहा महिन्यांचा खर्च, दीड लाख, मुदत ठेवीत. मग आरोग्य विमा, जो तुमच्या पत्रात कुठेच नाही. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयात दीड ते अडीच लाखांत जाते आणि पैलवान सहा ते नऊ महिने आखाड्याबाहेर राहतो. म्हणजे एक अख्खा हंगाम. अर्जात ‘व्यवसाय : पैलवान, इनामी कुस्त्या लढतो’ असे स्पष्ट लिहा. आरोग्य पॉलिसीत धोकादायक खेळ व्यावसायिक म्हणून खेळताना झालेल्या दुखापती वगळणारे कलम असते. त्यातल्या खेळांच्या यादीत कुस्तीचे नाव सहसा नसते, पण यादी तेवढ्यावरच संपत नाही असेही तिथे लिहिलेले असते. कुस्तीतली दुखापत धरणार की नाही, हे ईमेलवर विचारा. ‘विद्यार्थी’ किंवा ‘शेती’ लिहून घेतलेली पॉलिसी नेमकी दाव्याच्या वेळी नाकारली जाते.

आता तुमचा प्रश्न. दीड लाख हा फ्लेक्सवरचा आकडा आहे. जिंकला तर दीड, बरोबरीत सोडवली तर निम्मे, पडला तर कमिटी देईल ते. सरासरी पाऊण लाख धरा, तेही उदार मनाने. त्यासाठी 29 किलो जड माणूस अंगावर घ्यायचा. ही जोड नको. उरलेल्यांतून वजनाला वजन जुळणाऱ्या दहा-बारा कुस्त्या निवडा. मोठी स्पर्धा किंवा निवड चाचणी असेल तर तिच्या आधीचे पाच-सहा आठवडे जत्रेतली माती बंद, फक्त मॅट. इनाम अडीच लाखांवर आले तरी, हप्ता नसल्यामुळे, तूट गेल्या वर्षीएवढीच राहते, आणि ती दागिने न मोडता उसाच्या बिलातून किंवा गावातल्या एखाद्या आश्रयदात्याकडून भरता येते. अमेरिकन बॉक्सर शुगर रे लिओनार्डने 1976 च्या ऑलिंपिक सुवर्णानंतर व्यावसायिक बॉक्सिंग सुरू केले ते 24 जणांकडून घेतलेल्या 21 हजार डॉलरच्या कर्जावर. पहिल्याच लढतीच्या कमाईतून ते फेडले आणि पुढे आपल्या लढतींवर स्वतःची मालकी ठेवली. कर्ज घ्यायचेच तर असे : छोटे, लेखी आणि लवकर फिटणारे.

वस्तादांचे ऐका, कारण पदकाची किंमत रोखीत मोजता येते. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पोलीस शिपायाचे मूळ वेतन 21,700 पासून सुरू होते, भत्ते वेगळे. वर्षाचे चार लाख सहज होतात, तेही गुडघा शाबूत असो वा नसो. जत्रेतल्या इनामाला या कामी शून्य किंमत. डीवायएसपीचे स्वप्न मात्र हिशेबातून काढा. विजय चौधरींना ते पद मिळाले ते 2014 ते 2016 सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाल्यावर. शिवाय महाराष्ट्र केसरीचा गट 86 ते 125 किलोंचा. तुमचा भाऊ त्याच्या अगदी तळाशी उभा आहे. त्याने आपल्या 86 किलो गटातच पदक काढावे.

कागदाकडे विशेष लक्ष द्या. 2025 मध्ये महाराष्ट्र केसरी अहिल्यानगरला आणि कर्जतला अशी दोनदा, दोन वेगळ्या संघटनांनी भरवली. कुठल्या स्पर्धेचे प्रमाणपत्र नोकरीसाठी चालते, हे लढण्याआधी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात विचारा. पडताळणीही तिथेच होते, आणि ती भरतीची जाहिरात येण्याआधी करून ठेवा. इनाम रोख मिळाले तरी बँकेत भरा आणि विवरणपत्र दाखल करा. या रकमेवर कर बसणार नाही, पण उद्या कर्ज किंवा मुदत विमा घेताना उत्पन्नाचा पुरावा लागेल.

115 किलोच्या जोडीचा नकार जत्रा कमिटीला याच आठवड्यात कळवा. फ्लेक्स छापायच्या आधी सांगितले तर त्यांना दुसरा पैलवान बघता येतो आणि तुमच्या भावाचे पुढच्या वर्षीचे बोलावणे टिकते.