पेशंट गोव्यातल्या छोट्या इस्पितळात आणि इन्फेक्शनचा डॉक्टर मुंबईला, व्हिडिओवर दाखवून खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना आठवडाभर ताप आहे, शुगर आहे, अँटिबायोटिक दोनदा बदलून झालं आणि आता इस्पितळवाले म्हणतायत मुंबईच्या इन्फेक्शन स्पेशालिस्टला व्हिडिओवर दाखवूया, तर हे कामाचं आहे की नुसतं बिल फुगवायची सोय. मी फोंड्याकडच्या एका खाजगी इस्पितळात वॉर्ड सिस्टर आहे, बेडपाशी टॅब धरून उभी असते ती मीच, म्हणून त्या बाजूने सांगते. औषधाचं मात्र काही सांगणार नाही, ते तुमचे डॉक्टर बघतील.

उपयोग होतो. पण स्क्रीनवर किती मोठा डॉक्टर आहे त्यापेक्षा बेडपाशी कोण आहे आणि त्यांनी कॉलच्या आधी काय काय करून ठेवलंय, सगळं त्यावर असतं. हे नातेवाईकांना कोणी सांगत नाही आणि मग ते मुंबईच्या डॉक्टरच्या डिग्र्या गूगल करत बसतात.

आपल्या गोव्यात हार्ट अटॅकचं असंच चाललंय ना, स्टेमी गोवा म्हणून, बाहेरच्या सेंटरवर ईसीजी काढला की तो गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या, डॉक्टरांना दिसतो आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथल्या तिथे देता येतं. लोकांना वाटतं इन्फेक्शनचं पण तसंच असणार. तसं नाही हो. तिथे एक पट्टी बघून एक निर्णय होतो, इथे तापाची कहाणी रोज बदलते, आज कल्चर लावलं, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघायला ठेवला, तर त्यात काय वाढलं ते कळायला दोन-तीन दिवस, कधी जास्त, त्यात मधेच किडनीचा रिपोर्ट बिघडला की डोस बदला. त्यामुळे एकदाच कॉल करून फी घेतली आणि परत फोन नाही असं असेल तर ते पैसे वायाच समजा.

आमच्याकडे एक पेशंट होता, भातशेती करणारा, डायबेटिस, लावणीच्या दिवसांनंतर ताप सुरू झाला तो उतरेचना, सोनोग्राफीत लिव्हर आणि स्प्लीनमध्ये पू दिसला. थुंकीत टीबी नाही, तरी सगळ्यांच्या डोक्यात टीबीच, औषधं सुरूच करायची होती. ब्लड कल्चरचा रिपोर्ट आला 'स्यूडोमोनास स्पीशीज', म्हणजे इस्पितळात नेहमी दिसणाऱ्या एका जंतूच्या जातीचा, आता सरळ बघितलं तर ठीक वाटतं. व्हिडिओवरच्या डॉक्टरांनी नाव सोडून खालची सेन्सिटिव्हिटीची यादी, म्हणजे कुठलं अँटिबायोटिक लागू पडतं आणि कुठलं नाही ते, वाचून दाखवायला सांगितली आणि मधेच थांबवलं, कारण हा जंतू कोलिस्टिनला दाद देत नव्हता पण ऑगमेंटिनला देत होता, म्हणजे नेहमीच्या स्यूडोमोनासच्या बरोब्बर उलटं. ते म्हणाले हा मेलिओइडोसिस असू शकतो, लॅबला तसं कळवा आणि जंतू वाढवलेली प्लेट जपून हाताळायला सांगा. मातीत, साचलेल्या पाण्यात राहणारा जंतू हा, आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात डायबेटिसवाल्यांना धरतो आणि टीबीसारखं सोंग घेतो. खात्रीसाठी सॅम्पल मणिपालला गेलं, त्यांना या आजाराचा मोठा अनुभव आहे, आणि तेच निघालं. याची ट्रीटमेंट लांबलचक, आधी निदान दहा ते चौदा दिवस शिरेतून मेरोपेनेम किंवा सेफ्टाझिडिम आणि नंतर किमान तीन महिने गोळ्या. टीबीचं औषध घेत राहिला असता तर काय झालं असतं ते बोलायलाच नको.

आता यात हुशारी त्या डॉक्टरांची होतीच, पण अँटिबायोटिक चालू करायच्या आधी दोन्ही हातातून ब्लड कल्चर काढून ठेवलं होतं म्हणून वाचायला काहीतरी होतं. कल्चर न काढता तीन भारी इंजेक्शनं देऊन मग कॉल लावला तर समोरचा माणूस अंधारातच चाचपडणार, तो मुंबईचा असो नाहीतर लंडनचा.

दुसरं म्हणजे तपासणी. कॅमेऱ्याला वास येत नाही, पोट दाबून बघता येत नाही. स्क्रब टायफसमध्ये काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली सिगरेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते, दुखत नाही म्हणून पेशंट सांगतच नाही, तर ती आम्हीच कपडे बाजूला करून शोधायची आणि टॉर्च मारून कॅमेऱ्यापुढे धरायची. म्हातारी माणसं लाजतात, मुलगा-सून खोलीत असली तर जास्तच, तेव्हा तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबलात तरी मदत होते. आणि इथली माहिती इथल्याच माणसाने द्यायला हवी. सत्तरी तालुक्यातला माणूस काजूच्या मोसमात बागेत जात होता, आसपास माकडं मेली होती, हे मुंबईच्या डॉक्टरला स्वप्नात दिसणार आहे का? माकडतापाचे पेशंट सत्तरीत २०१५ पासून आढळलेत, गोचिडीमुळे होतो, वाळपईच्या कुणालाही विचारा. त्यामुळे बाबा गेल्या महिनाभरात कुठे गेले, शेतात अनवाणी उतरले का, कुठलं पाणी, घरात गुरं-कुत्री आहेत का, आधी कुठल्या गोळ्या घेतल्या, सगळं कागदावर लिहून द्या, फार्मसीतून स्वतःच आणलेल्या गोळ्यासुद्धा, त्याच बहुतेक लपवल्या जातात.

नुसत्या फोनवर "सर, काय देऊ" असं विचारणं आणि नीट टेलि-कन्सल्ट यात फरक आहे बरं का. फिनलंडमध्ये रक्तात स्टॅफ ऑरियस नावाचा जंतू गेलेल्या पेशंट्सचा अभ्यास झाला होता, २०१३ मध्ये छापून आला, त्यात स्पेशालिस्टने बेडपाशी येऊन बघितलेल्यांपेक्षा फोनवरच सल्ला मिळालेल्यांमध्ये मृत्यू जास्त होते आणि हाडात, हृदयाच्या झडपेत कुठेतरी दडून बसलेलं इन्फेक्शन कमी सापडलं. मला तरी याचं आश्चर्य वाटत नाही, फोनवर जेवढं सांगाल तेवढंच ऐकणार ना समोरचा. उलट अमेरिकेत १५ छोट्या इस्पितळांत बघितलं तर नुसतं ट्रेनिंग देऊन भागलं नाही, जिथे दूरचे इन्फेक्शनवाले डॉक्टर प्रिस्क्रिप्शन स्वतः तपासत होते आणि हाकेला हजर होते तिथेच अँटिबायोटिकचा एकूण वापर कमी झाला. तिथेसुद्धा असे डॉक्टर सगळीकडे नाहीत हं, जवळजवळ ८० टक्के काउंटींमध्ये, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये, एकही नाही असं २०२० मध्ये छापून आलं होतं, मग आपल्या छोट्या इस्पितळाला काय बोल लावायचा.

जबाबदारीचं विचारलंत. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे सरकारी नियम आले, त्याप्रमाणे डॉक्टरने डॉक्टरला विचारलं तर विचारणाराच पेशंटचा डॉक्टर राहतो, ट्रीटमेंटची जबाबदारी त्याचीच. म्हणजे उद्या काही झालं तर "मुंबईने सांगितलं होतं" हे उत्तर चालत नाही. म्हणून सल्ला फाइलमध्ये लेखी हवा, तारीख-वेळ आणि नावासकट. आमच्याकडे व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट फिरायचे, ते मला अजिबात आवडायचं नाही, कुणाचा रिपोर्ट कुणाच्या फोनमध्ये पडून राहील सांगता येत नाही.

तर हो म्हणायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना एवढं विचारा की कल्चर अँटिबायोटिकच्या आधी काढलं होतं का, नसेल तर आता परत काढणार का, तेच स्पेशालिस्ट दोन दिवसांनी परत बघणार का, आणि त्या फीमध्ये फॉलो-अप धरलाय का. चिडले तर चिडू देत. नीट उत्तरं मिळाली तर खुशाल हो म्हणा, बाबांना अँब्युलन्समधून मुंबईपर्यंत हलवण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

पण बीपी पडतंय, श्वास लागलाय, लघवी कमी झालीय किंवा आत पू आहे आणि तो काढायला इथे सर्जन नाही, यातलं काहीही असेल तर व्हिडिओची वाट बघू नका, सरळ बांबोळीला गोमेकॉत न्या. जाताना लॅबला सांगून ठेवा की कल्चर अजून चालू आहे आणि रिपोर्ट तिकडे कळवायचा, नाहीतर पेशंट तिकडे आणि रिपोर्ट इकडच्या ड्रॉवरमध्ये असं होतं, मी स्वतः बघितलंय.