घरच्या लॅपटॉपसाठी वायरलेस प्रिंटर कोणता घ्यावा आणि तो कसा जोडावा?

आपण फोंड्याहून विचारले आहे की घरी एक लॅपटॉप आहे, दोन मुले शाळेत आहेत, महिन्याला पन्नासेक पाने छापावी लागतात, तर इंकजेट (कार्ट्रिज म्हणजे शाईच्या डबीतून शाई फवारणारा), इंक टँक (टाकीत बाटलीने शाई भरायचा) आणि लेझर (शाईऐवजी भुकटीने छापणारा) यांपैकी कोणता वायरलेस प्रिंटर घ्यावा आणि तो लॅपटॉपला कसा जोडावा. माझे उत्तर एका ओळीचे आहे: फक्त काळे छापणारा लेझर घ्यावा, त्यात वाय-फाय असावे आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छापण्याची सोय असावी. परंतु याच एका ओळीवरून आमच्या घरात कित्येक वर्षे वाद चालू आहे आणि वादाच्या दुसऱ्या बाजूला माझे दीर आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मी गोव्यातल्या साखळी गावात राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. २०१७ साली घरात पहिला प्रिंटर आला तो भावोजींच्या पसंतीचा. "लेझर हे कचेरीचे यंत्र, घरात रंगीत लागते," असा निर्वाळा देऊन त्यांनी पाच हजारांच्या आतला, एक काळे आणि एक रंगीत अशी दोन कार्ट्रिजे असलेला इंकजेट पणजीहून स्वतः आणून दिला. तेव्हा मी शिकवण्या घेत असे आणि रोज दोन-चार पाने छापली जात, त्यामुळे यंत्राविषयी माझी काहीही तक्रार नव्हती. २०१९ च्या मार्चमध्ये परीक्षा संपल्या, मी शिकवण्या बंद केल्या, आणि प्रिंटर कोपऱ्यात कापड पांघरून राहिला तो थेट ऑगस्टच्या अखेरीपर्यंत.

त्या वर्षी चवथ सप्टेंबरच्या आरंभी होती. आमच्या वाड्यावरील बायकांची एकांकिका सार्वजनिक गणपतीपुढे व्हायची होती, संहिता माझीच होती, आणि बत्तीस पानांच्या अकरा प्रती मला काढायच्या होत्या: नऊ पात्रांच्या नऊ, प्रॉम्प्टरची एक आणि माझी एक. म्हणजे ३५२ पाने. तालीम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती, बाहेर पाऊस कोसळत होता आणि वीज दर तासाला जाऊन येत होती.

पहिल्याच पानावर आडव्या पांढऱ्या रेघा उमटल्या. मी तपासणीचे पान काढले, तर ज्या जिनेदार रेषा अखंड यायला हव्यात त्यांपैकी काळ्या रेषेला तीन ठिकाणी खिंडारे पडलेली होती आणि गुलाबी रेषा अर्धीच उमटली होती. भावोजींना फोन केला. "हेड क्लीनिंग कर," असे ते म्हणाले. मी ते तीन वेळा केले. हेड क्लीनिंग म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. शाई फवारणाऱ्या भागाला हेड म्हणतात; त्याच्या केसापेक्षाही बारीक अशा छिद्रांत सुकलेली शाई बाहेर काढण्यासाठी यंत्र आतील चांगली शाई त्या छिद्रांतून जोराने खेचते आणि ती सगळी तळाशी असलेल्या बोळ्यात जिरवते. तिसऱ्या खेपेला रंगीत कार्ट्रिज संपल्याचा दिवा लुकलुकू लागला, आणि रंग संपला म्हणून यंत्राने काळे छापण्यासही नकार दिला. बहात्तर पाने निघाली होती, म्हणजे सव्वादोन प्रती, आणि त्याही रेघांसकट.

त्या रेघा मराठीत काय करतात ते इंग्रजीत छापणाऱ्याला कळायचे नाही. पांढरी रेघ नेमकी शिरोरेषेवर आली की 'भ' आणि 'म' यांतील भेद जातो, 'घ' आणि 'ध' यांतीलही जातो. तालमीत आमच्या नायिकेने आयत्या वेळी हाती पडलेल्या प्रतीवरून मोठ्या आवेशाने "माऊ, दार उघडा!" अशी आरोळी ठोकली. संहितेत तो भाऊ होता. त्यानंतर त्या पात्राचे नाव आमच्यात माऊच पडले, ते आजतागायत तसेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन मी बाजारातील झेरॉक्सच्या दुकानात गेले. माझी संहिता जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली होती आणि तो फाँट दुकानातील संगणकावर नव्हता, त्यामुळे पडद्यावर स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरे यांची खिचडी दिसू लागली. भिजत घरी परतले, फाइलीची पीडीएफ केली, पुन्हा बाजारात गेले आणि पानाला दोन रुपये दराने ७०४ रुपये मोजून प्रती घेऊन आले. (मुलांचे मराठीचे काम आपण घरी टंकत असाल तर मंगलसारखा युनिकोड फाँट वापरावा आणि बाहेर कोठेही पाठवताना पीडीएफच पाठवावी.)

आता वादाकडे येते. भावोजींचे म्हणणे असे की गोव्याची हवा दमट, इथे शाई सुकतेच कशी, दोष तुझ्या वापराचा आहे. माझे म्हणणे असे की शाईत बव्हंशी पाणीच असते, ते पाच महिन्यांत छिद्रांच्या तोंडाशी आटतेच, आणि एप्रिल-मे महिन्यांत खोली तापलेली असताना तर अधिकच आटते; लेझरमध्ये मात्र शाईच नसते, टोनरची कोरडी प्लास्टिकयुक्त भुकटी असते, ती विद्युतभाराने कागदाला चिकटते आणि तापलेल्या रुळाखाली वितळून पक्की बसते. भुकटी सुकत नाही. मार्चमध्ये बंद केलेला लेझर ऑगस्टमध्ये चालू केला तरी पहिले पान स्वच्छ येते, हे मी दर वर्षी अनुभवत आहे.

मग भावोजींनी बाजू बदलली: "कार्ट्रिज नको असेल तर इंक टँक घे, पान पैशांत पडते." हिशेब खरा आहे, पण तो कोणासाठी? या टाक्यांच्या एका प्रचलित काळ्या बाटलीत ६५ मिलिलिटर शाई असते आणि कंपनी तीत ४,५०० पाने निघतील असे सांगते. आपली महिन्याची पाने पन्नास, म्हणजे ही बाटली साडेसात वर्षे पुरणार. इतकी वर्षे शाई टाकीत चांगली राहील असे समजणे भाबडेपणाचे आहे, आणि छिद्रे तीच, तशीच बारीक. लेझरचे दीड हजार पानांचे टोनर याच वेगाने अडीच वर्षे चालेल. अर्थात हे आकडे पानाचा सुमारे पाच टक्केच भाग काळा होईल असे धरून दिलेले असतात. मुलांच्या चित्रमय सरावपत्रिकांना ते लागू पडत नाहीत, आणि नव्या यंत्रासोबत पुष्कळदा येते ते टोनर अर्धेमुर्धेच भरलेले असते, हेही दुकानदार आपणहून सांगत नाही.

कंपनी कोणती, हे मी सांगणार नाही. त्या यंत्राचे टोनर फोंड्यात मिळते का, की दर वेळी पणजी-मडगाव गाठावे लागते, एवढे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे, आणि दुसऱ्या कंपनीचे टोनर, त्यावर आपली चिप नाही म्हणून, नाकारणारे यंत्र आहे का तेही विचारावे. मी त्याच वर्षी दिवाळीनंतर इंकजेटच्या जवळजवळ तिप्पट पैसे मोजून लेझर घेतला, आणि भावोजी तीन आठवडे आमच्याकडे जेवायला आले नाहीत.

जोडणीचे आता सांगते. घर जुने, चिऱ्यांचे, भिंती हातभर जाडीच्या. राऊटर वसरीत आणि प्रिंटर दोन भिंतींपलीकडच्या खोलीत. बहुतेक स्वस्त प्रिंटरांना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातलेच वाय-फाय कळते, ५ चे कळत नाही; आणि दोन्हींना राऊटरवर एकच नाव दिलेले असेल तर फोन ५ वर, प्रिंटर २.४ वर असे होऊन फोनवरच्या कंपनीच्या ॲपला कधीकधी प्रिंटर सापडतच नाही. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगवेगळी नावे द्यावीत आणि जोडणीपुरता तरी फोन २.४ वर आणावा. ते २.४ चे तरंग चिऱ्याच्या भिंतीतून अधिक चांगले पार होतात, हा त्यातला वरचा लाभ. राऊटरवर डब्ल्यूपीएसचे बटण असेल तर ते दाबून दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरील वाय-फायचे बटण दाबून धरावे, पासवर्ड टाकावा लागत नाही. पाहुण्यांसाठी असलेल्या गेस्ट नेटवर्कला मात्र प्रिंटर जोडू नये, कारण तेथे सहसा एका यंत्राला दुसरे दिसू दिले जात नाही. लॅपटॉपवर प्रिंटर चढवण्याचे काम विंडोज आपणहून करते, त्यावर शब्द खर्च करत नाही.

खरा त्रास नंतर सुरू होतो, आणि या त्रासाला आपल्याकडची वीज कारणीभूत आहे. वीज जाऊन आली की राऊटर आणि प्रिंटर एकदमच जागे होतात, राऊटर प्रिंटरला कधीकधी नवा आयपी पत्ता (घरच्या वाय-फायवरील त्याचा क्रमांक) देऊन मोकळा होतो, लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर पान पाठवत राहतो आणि पडद्यावर 'ऑफलाइन' असे येते. लोक मग प्रिंटर काढून टाकतात, पुन्हा चढवतात, आणि पुढच्या वीजखंडानंतर तेच रडगाणे. उपाय एकदाच करायचा आहे. प्रिंटरवरून सेटिंगचे पान छापून घ्यावे, त्यावर त्याचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, असतो. तो राऊटरमध्ये नोंदवून त्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा, आणि मग लॅपटॉपवर प्रिंटर जोडताना 'टीसीपी/आयपी पत्त्याने जोडा' हा पर्याय निवडून तोच आकडा टाकावा. मला हे भावोजींच्या मुलाने करून दिले, हे मुद्दाम नोंदवते.

लेझर इन्व्हर्टरवर लावू नये. आतील रूळ सुमारे दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि त्या क्षणी यंत्र कित्येकशे वॅट खेचते. पहिल्याच रात्री मी ते इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावले, वीज गेलेली असताना 'प्रिंट' दाबले, पंखा मंदावला आणि इन्व्हर्टर ओव्हरलोडची टिटी वाजवू लागला. कागदाचेही पथ्य आहे: पावसाळ्यात उघडी रीम ओल पकडते, कागद लाटांसारखे वळतात, दोन-दोन एकदम ओढले जातात, आणि ओलसर कागदावर टोनर नीट बसत नाही. मी रीम तिच्याच वेष्टनात गुंडाळून पोह्यांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवते आणि ट्रेमध्ये वीसच कागद घालते.

एवढे लिहून झाल्यावर न्यायाची गोष्ट म्हणून काही सांगणे भाग आहे. आपल्या मुलांना आठवड्यातून दोन-तीनदा रंगीत प्रकल्प करावे लागत असतील, तर इंक टँकच योग्य, आणि तेथे भावोजी बरोबर आहेत. छापताना तो पंधरा-वीस वॅटांच्या आसपासच वीज खातो, म्हणून इन्व्हर्टरवरही सुखाने चालतो. मात्र दर आठवड्याला एक रंगीत पान काढावे, आणि बंद करताना भिंतीवरचा खटका न दाबता यंत्राचेच बटण दाबावे, कारण त्या बटणाने बंद केले की हेड जागेवर जाऊन त्यावर टोपण नीट बसते. २०१७ पासून मी नेहमी भिंतीवरचाच खटका दाबत होते, हे मी भावोजींना अद्याप सांगितलेले नाही, आणि ते असली संकेतस्थळे वाचत नाहीत.

गेल्या आठवड्यात ते जमिनीचा एक-चौदाचा उतारा छापायला आमच्याकडे आले होते. पान निघाले, त्यांनी ते उजेडात धरून शिरोरेषा तपासल्या, काही बोलले नाहीत, आणि उगाच खिशात हात घालून किती झाले असे विचारले. मी बाजारभावाने दोन रुपये सांगितले आणि घेतले.