ब्रिटिश रॉक बँड पल्पच्या ‘स्पाइक आयलंड’ या गाण्यात खरंच जुना फॉर्म दिसतो का?

दिसतो ना जी! 24 वर्षांनी अल्बम काढणारे बहुतेक बँड जुन्या नावावरच खातात. पल्पने 2025 मध्ये ‘मोर’ (More) या अल्बमच्या आधी हे गाणं सोडलं आणि गायक जार्विस कॉकर त्यात स्वतःचीच फिरकी घेतो: आपला जन्म स्टेजवर ओरडायला नि बोटं दाखवायलाच झाला म्हणे! हाच तिरकसपणा त्यांच्या 1995 च्या ‘डिफरंट क्लास’ अल्बममध्ये होता. तेवढी धार आता नाही, पण नक्कलही वाटत नाही. गाण्याचं नाव स्टोन रोझेस या बँडच्या स्पाइक आयलंडवरच्या 1990 च्या गाजलेल्या मैफलीवरून आलंय. नागपूरच्या फुटाळा तलावावर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकाल तर बेस वाऱ्यावर जाईल. रात्री घरी, कूलर बंद करून, हेडफोन लावा. घाम येईल, येऊ द्या.