वेटलिस्टवर आहेस, तर मेडिकल कॉलेजला काय लिहायचं आणि कधी

तुझा प्रश्न असा: बीएस अमेरिकेत झालं, ओपीटी (पदवीनंतर तिथे काम करायची मुभा) संपल्यावर तू सांगलीला परतलीस, जानेवारीत तिथूनच एका खासगी मेडिकल कॉलेजची ऑनलाइन मुलाखत दिलीस आणि मार्चमध्ये वेटलिस्टचं पत्र आलं. आता कॉलेजला अपडेट लेटर पाठवावं का, त्यात काय लिहावं, आणि जायची तयारी आत्तापासून करावी का? सोबत पाठवलेला मसुदाही मी नीट वाचला. मी स्वतः एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर इथे अमेरिकेत एमडी (इथली डॉक्टरकीची पहिली पदवी, आपल्या एमबीबीएससारखी) केलं, प्रवेश वेटलिस्टवरूनच मिळाला होता, आणि आता आमच्याकडे अर्जदारांच्या मुलाखती घेते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाठव, नक्की पाठव. पण त्याआधी कॉलेजचं पत्र आणि पोर्टल पुन्हा एकदा शब्दन् शब्द वाच. काही कॉलेजं स्पष्ट लिहितात की मुलाखतीनंतर काहीही पाठवू नका. काहींना सगळं पोर्टलमधूनच लागतं, काही शब्दमर्यादा घालून देतात. नको म्हटलेलं असताना पाठवलेलं पत्र नुकसानच करतं.

अशी पत्रं लागतात तरी कशाला, तर ॲमकासचा, म्हणजे इथल्या मेडिकल कॉलेजांसाठीच्या सामायिक ऑनलाइन व्यवस्थेतला, अर्ज एकदा पाठवला की त्यात नवं काम जोडता येत नाही. तू गेल्या जूनमध्ये अर्ज पाठवलास. समितीपुढे आजही जूनमधलीच तू आहेस. त्यानंतर तू काय केलंस हे त्यांना कळण्याचा हाच एक रस्ता आहे, आणि पत्राचं कामही तेवढंच. विनवणी करायला ते नसतं.

या दृष्टीने तुझा मसुदा बघ. पहिले दोन परिच्छेद आजीच्या आजारपणाचे आणि लहानपणापासूनच्या स्वप्नाचे आहेत. ते तुझ्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये होतं, त्यांनी वाचलंय, मुलाखतीत विचारलंयही. दोन्ही काढून टाक. ‘नम्र विनंती’, ‘कृपया सहानुभूतीने विचार व्हावा’ ही आपल्याकडच्या सरकारी अर्जातली भाषाही काढ. इथे ती आदराची वाटत नाही, अगतिकतेची वाटते.

खरं सोनं तिसऱ्या परिच्छेदात आहे आणि तू ते एका ओळीत उरकलंयस: ‘पीएचसीमध्ये आशांसोबत एनसीडी शिबिरात काम केलं.’ सांगलीत हे कुणालाही कळेल. समितीतल्या माणसाला यातलं एक अक्षरही कळणार नाही. त्याला सांग की हे सरकारी ग्रामीण आरोग्य केंद्र आहे, सपाट भागात असं एक केंद्र साधारण ३०,००० लोकांसाठी असतं, आणि आशा म्हणजे गावातलीच, सुमारे हजार वस्तीमागे एक नेमलेली आरोग्य कार्यकर्ती. मग तू नेमकं काय केलंस ते लिही. एनसीडी म्हणजे असंसर्गजन्य आजार; शिबिरात तिशीच्या पुढच्या लोकांची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी होती, तू नोंदी ठेवायचीस, आणि ज्यांचा रक्तदाब जास्त निघाला ते पुढच्या आठवड्यात परत आले का, हे आशाताईंबरोबर घरोघरी जाऊन बघायचीस. तू मला लिहिलंस की ऊसतोडीला गेलेली माणसं यादीत ‘आली नाहीत’ म्हणून राहायची आणि तुम्ही त्यांच्यासाठी वेगळा रकाना केलात. हे मसुद्यात का नाही? मला तरी तुझ्या अख्ख्या पत्रात सगळ्यात जास्त आवडली असती ती हीच गोष्ट. तू रुग्णाकडे कसं बघतेस हे त्या एका रकान्यात दिसतं.

एक गोष्ट मात्र पत्रात येता कामा नये, आणि खरं तर व्हायलाही नको. मामांच्या दवाखान्यात तू इंजेक्शनं देतेस असं लिहिलंयस. आपल्याकडे ओळखीच्या डॉक्टरकडे मुलांना असं करू देतात, कौतुकानेच देतात. पण प्रशिक्षण आणि परवाना नसताना रुग्णावर हात चालवणं, मग ते कुठल्याही देशात असो, इथे गंभीर गोष्ट धरली जाते. विद्यार्थ्यांनी परदेशात रुग्णसेवेत काय करावं आणि काय करू नये, याबद्दल एएएमसीच्या (इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या) मार्गदर्शक सूचनाच आहेत. समितीला तुझं कौशल्य दिसणार नाही, त्या रुग्णाने कुणाच्या हातून सुई घ्यायला संमती दिली होती, हा प्रश्न दिसेल. मामांकडे जा, बाजूला बसून बघ, पण सुई हातात घेऊ नकोस.

आमदारांचं शिफारसपत्र जोडू का, असंही विचारलंस. नको. ज्यांनी तुझं काम पाहिलंय त्यांचंच पत्र चालतं. केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अर्धं पान लिहून दिलं आणि कॉलेज नवीन पत्रं स्वीकारत असेल, तर ते खूप मोलाचं.

आता वेळ. एमडीच्या अर्जदारांनी ३० एप्रिलपर्यंत हातातल्या प्रवेशांपैकी एकच ठेवून बाकीचे सोडणं अपेक्षित असतं. त्यामुळे जागा रिकाम्या होतात त्या मुख्यतः एप्रिलच्या शेवटापासून पुढे, आणि हलवाहलव कधी कधी वर्ग सुरू होईपर्यंत चालते. म्हणून पहिलं पत्र आत्ता दे आणि दुसरं एप्रिलच्या मध्यावर. पुढचं मेअखेरीस, तेही खरंच नवीन काही असेल तरच. दर पंधरा दिवसांनी ‘माझा रस अजून कायम आहे’ असं कळवण्यात काही अर्थ नाही. पत्र एका पानाच्या आत ठेव, विषयाच्या ओळीत नाव आणि एएएमसी आयडी घाल. कॉलेजबद्दल दोन ओळी लिही, पण त्या कॉलेजलाच लागू पडतील अशा. तुझ्या मुलाखतकाराने ग्रामीण ट्रॅकबद्दल, म्हणजे ग्रामीण आरोग्यावर भर देणाऱ्या अभ्यासक्रमाबद्दल, सांगितलं होतं ना? तिथेच तुझं केंद्रातलं काम जोड.

लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे ‘प्रवेश दिलात तर मी येणारच’ असं वचन, ते फक्त एका कॉलेजला. त्याला कायद्याचं बंधन नसतं, पण तू शब्द देतेस. तू आणखी एका कॉलेजच्या वेटलिस्टवर आहेस, आणि दोन्हींना तेच लिहावं असं मैत्रीण म्हणाली, तिचं ऐकू नकोस. घरी बसून खर्चाचा हिशेब झाला, आईबाबांशी बोलणं झालं आणि मन ठरलं, की मगच लिही.

खर्चावरून आठवलं. आपल्यासारख्यांना इथली सरकारी कर्जं मिळत नाहीत. खासगी कर्जाला बहुतेक वेळा इथला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीन लागतो, आणि बरीच कॉलेजं बाहेरच्या विद्यार्थ्याकडून एक ते चार वर्षांचे पैसे आधीच दाखवायला किंवा एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाइताच्या ताब्यातल्या खात्यात, ठेवायला सांगतात. वेटलिस्टवरून बोलावणं आलं की होकाराला मोजके दिवस मिळतात. तेवढ्यात बँकेतून कर्जमंजुरीचं पत्र निघत नाही, ते आत्ताच मार्गी लाव. आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रवेशाचं प्रमाणपत्र) हाती आल्यावर सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर फी आणि मग बीकेसीतल्या वकिलातीची तारीख, यातच जून-जुलै संपतो. पासपोर्टची मुदत आज बघ.

लसींचे कागदही काढून ठेव. हेपॅटायटिस बी, गोवर, कांजिण्या यांच्या अँटीबॉडी तपासण्या मागतात. हेपॅटायटिस बीच्या डोसांना सहा महिने लागतात, तेव्हा त्यात काही राहिलं असेल तर लगेच सुरू कर. टीबीसाठी त्वचेची चाचणी न करता आयग्रा ही रक्ताची चाचणी कर, कारण लहानपणी घेतलेल्या बीसीजीमुळे त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

फोन रात्री चालू ठेव, स्पॅम फोल्डर रोज बघ. इथल्या ऑफिसची दुपार म्हणजे तुझी रात्र.

आणि मेमध्ये पुढच्या वर्षीचा ॲमकास उघडेल, तेव्हा वेटलिस्टवर असतानाच अर्ज भरायला घे. केंद्रातलं काम त्यात पहिल्यापासून येईल, आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांना घेणारी कॉलेजं मुळात थोडी, त्यामुळे यादी करताना प्रत्येकाचा नियम आधी तपास. एमकॅटचे (मेडिकल प्रवेशपरीक्षेचे) गुण किती जुने चालतात हे कॉलेजागणिक बदलतं, तेही त्याच यादीत लिहून ठेव.